हेल्मेटमागचा हिरवा ‘व्ही’: खोऱ्याची खूण नेमकी कोणाची?

पेट झाली, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिली अडचण येते ती ही: विषय हातात असतो, पण प्रश्न नसतो. "खेळ आणि समाज", "विद्यापीठ आणि परिसर" ही विषयांची नावं झाली. गाइड विचारतात, "यातून तुम्ही शोधणार काय?" आणि तिथे आपण अडखळतो. आज एक उदाहरण घेऊन विषयाचा प्रश्न कसा होतो ते बघू.

उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि मी त्यापर्यंत आडवाटेने पोचले. माझी एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रातली. पीएच.डी.साठी भूजलाच्या वापराचा इतिहास हा विषय आहे. भूजल म्हटलं की कॅलिफोर्नियातलं सॅन होकिन खोरं टाळताच येत नाही. तिथल्या मेंडोटा गावाजवळचा एक फोटो आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो. विजेच्या खांबाशेजारी जोसेफ पोलंड हे भूजलशास्त्रज्ञ उभे आहेत आणि खांबावर तीन वर्षांच्या पाट्या आहेत: १९२५, १९५५, १९७७. १९२५ ची पाटी त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. त्या वर्षी जमीन तिथे होती. पाणी उपसून उपसून ती सुमारे ९ मीटर खाली गेली.

याच खोऱ्यातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या, फ्रेस्नोच्या, विद्यापीठाचा फुटबॉल संघ हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक हिरवा इंग्रजी ‘व्ही’ लावून खेळतो. (हा अमेरिकन फुटबॉल. हातात धरून पळायचा, आपला पायाने खेळायचा नव्हे.) ‘व्ही’ म्हणजे व्हॅली, खोरं. हिरवा रंग शेतीचा. अडचणीत असलेल्या आपल्या परिसराला विद्यार्थ्यांच्या संघाने अंगावर वागवायचं, अशी ही कल्पना. ऐकायला छान वाटते. पण तिचा इतिहास उलगडला की एकेक अवघड प्रश्न बाहेर येतो.

आधी ठिकाण

फ्रेस्नो काउंटी शेतमालाच्या किमतीत अमेरिकेतल्या अगदी वरच्या काउंट्यांपैकी आहे. द्राक्षं, बदाम, बेदाणे, टोमॅटो. अमेरिकेत पिकणारे जवळपास सगळे बेदाणे याच भागातून येतात. आणि तरीही २००५ मध्ये ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेने देशातल्या ५० मोठ्या शहरांची तुलना केली, तेव्हा ‘एकवटलेल्या गरिबी’त फ्रेस्नो पहिलं आलं: ४३.५ टक्के. कॅटरिना वादळात उद्ध्वस्त झालेलं न्यू ऑर्लिन्स दुसरं.

इथे थांबा, कारण हा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. ४३.५ टक्के लोक गरीब आहेत, असा याचा अर्थ नाही. ज्या वस्त्यांमध्ये ४० टक्के किंवा त्याहून जास्त लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत, अशा वस्त्या आधी काढल्या. मग शहरातल्या एकूण गरिबांपैकी किती जण या वस्त्यांत राहतात ते मोजलं. म्हणजे हा आकडा गरिबी किती आहे हे सांगत नाही, ती कशी एका बाजूला लोटली गेलीय हे सांगतो. शिवाय आकडेमोड २००० च्या जनगणनेवरची आहे. आकडा उद्धृत करताना अंश काय, छेद काय आणि वर्ष कोणतं, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

लोटली गेली कुठे? शहराच्या दक्षिणेला आणि नैऋत्येला. नैऋत्य फ्रेस्नो बाकी शहरापासून रेल्वेच्या रुळांनी तुटलेलं आहे, आणि पुढे महामार्ग ९९ ने ती रेघ आणखी जाड केली. १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी जे सरकारी नकाशे झाले, त्यांत ‘धोक्याचे’ भाग लाल रंगवत. फ्रेस्नोच्या नकाशात रुळांपलीकडची वस्ती लाल आहे. लाल म्हणजे कर्ज मिळणं अवघड.

आणि विद्यापीठ? १९११ मध्ये शिक्षक घडवणारी संस्था म्हणून ते सुरू झालं. त्याची जुनी इमारत शहराच्या आतल्या भागात होती. १९५० च्या दशकात ते ईशान्येला, शॉ अव्हेन्यूवर, शेतांना लागून असलेल्या मोकळ्या जागेत गेलं. जुन्या आवारात आज फ्रेस्नो सिटी कॉलेज आहे. शहरही उत्तरेकडेच वाढत गेलं. म्हणजे ज्या परिसराची खूण पुढे संघाने अंगावर घेतली, त्याच्या सर्वांत अडचणीतल्या भागापासून विद्यापीठ लांब गेलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९२१ चा कुत्रा, १९९७ चं अक्षर

संघाचं नाव ‘बुलडॉग्ज’. त्याची कथा साधी आहे. १९२१ मध्ये एक पांढरा बुलडॉग आवारात यायचा आणि मुख्य इमारतीबाहेर विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष वॉरन मूडी आणि त्याच्या मित्रांच्या मागेपुढे करायचा. तो त्यांना लळा लावून बसला. विद्यार्थ्यांच्या सभेत ठराव आला आणि बुलडॉग शुभंकर झाला. ना समिती, ना डिझायनर. विद्यार्थ्यांनी ठरवलं, झालं.

हिरव्या ‘व्ही’चं तसं नाही. तो १९९७ मध्ये आला आणि आणला तो नवे प्रशिक्षक पॅट हिल यांनी. विद्यापीठाचे रंग लाल आणि निळा. हिरवा त्यांत कुठेच बसत नाही, आणि म्हणूनच तो डोळ्यांत भरतो. उत्तरेला सॅक्रॅमेंटोच्या दिशेपासून दक्षिणेला बेकर्सफील्डपर्यंत पसरलेल्या खोऱ्यातल्या शेतकरी-कष्टकरी माणसांचे आपण प्रतिनिधी आहोत, असा त्याचा सांगितलेला अर्थ. मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांशी त्यांच्या मैदानावर जाऊन भिडायचं, हे हिल यांचं धोरण होतं. २००१ च्या मोसमात या संघाने कोलोरॅडो, ओरेगन स्टेट आणि विस्कॉन्सिन या तिन्ही बड्या संघांना ओळीने हरवलं आणि राष्ट्रीय क्रमवारीत आठवा क्रमांक गाठला. त्या संघाचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार हा बेकर्सफील्डचा, खोऱ्यातलाच मुलगा. पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगने त्याला देशात सर्वांत आधी निवडलं. ज्या भागाचं नाव राष्ट्रीय बातम्यांत एरवी दुष्काळ, प्रदूषण नाहीतर गुन्हेगारीसाठीच येतं, त्या भागाचं अक्षर देशभरच्या टीव्हीवर जिंकताना दिसलं. याला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. अभिमान मोजता येत नाही म्हणून तो नसतोच, असं मानणं हेही चुकीचंच संशोधन.

पण "परिसराला आधार" हे शब्द वापरले, की इतिहासाच्या अभ्यासकाला तीन प्रश्न वेगळे करावे लागतात. खूण कोणी बनवली? ती अंगावर कोणी घेतली? आणि फायदा कोणाला झाला? बहुतेक लेखनात या तिन्हींचं उत्तर एकच धरलं जातं: "समाज". तिथेच घोटाळा होतो.

त्याच शहरात, ३५ वर्षं आधी

तुलनेला दुसरी खूण घेऊ. ३० सप्टेंबर १९६२. याच फ्रेस्नो शहरात एका बंद पडलेल्या थिएटरमध्ये शेतमजुरांची सभा भरली. सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेचं ते पहिलं अधिवेशन. तिथे एक झेंडा पहिल्यांदा उलगडला: लाल कापड, मध्ये पांढरं वर्तुळ, त्यात काळा गरुड. गरुडाचे पंख पायऱ्यांसारखे, सरळ रेषांचे. ते मुद्दाम तसे ठेवले होते. कोणत्याही मजुराला घरी कागदावर काढता यावा, कापडातून कापून शिवता यावा, म्हणून. ज्यांच्यासाठी ही खूण होती त्यांनाच ती बनवता यावी, ही अट डिझाइनमध्येच घातलेली होती.

१९६५ च्या सप्टेंबरात डेलानोच्या द्राक्षबागांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. चावेझ यांची संघटना काही दिवसांत त्यात उतरली. १९६६ मध्ये डेलानोहून राजधानी सॅक्रॅमेंटोपर्यंत पायी मोर्चा निघाला, तो फ्रेस्नोतून गेला, हाच झेंडा घेऊन. १९७० च्या जुलैमध्ये बागायतदारांनी करारावर सह्या केल्या.

आता दोन्ही खुणा शेजारी ठेवा. दोन्ही एकाच खोऱ्याच्या, दोन्ही शेतीच्या. पण गरुड कोणाकडे तरी काहीतरी मागतो: मजुरी, करार, शेतात प्यायला पाणी. त्यामुळे काही लोक त्याच्या बाजूने आणि काही विरुद्ध होणं अटळ होतं. बागायतदार गरुडाचा झेंडा हातात घेणार नाही. हिरवा ‘व्ही’ मात्र बागायतदाराच्या टोपीवरही शोभतो आणि त्याच्या बागेत द्राक्षं तोडणाऱ्याच्या टोपीवरही. तो सगळ्यांना एकत्र आणतो, कारण तो कोणालाच काही विचारत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. परिसराची खूण जितकी व्यापक, तितकी ती सोयीची. आणि जितकी सोयीची, तितकं त्या परिसराच्या आतलं अंतर ती झाकते. ‘खोरं’ या एका शब्दात जमीनमालक आला, मजूर आला, ईशान्येचा बंगला आला आणि रुळांपलीकडची लाल रंगवलेली वस्तीही आली. अक्षर एकच.

बुलडॉग दुसऱ्यांनीच उचलला

आता गोष्टीला वेगळं वळण लागतं. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत फ्रेस्नोच्या लॅटिनो तरुणांचा एक गट मोठ्या टोळ्यांपासून फुटून वेगळा झाला. त्यांनी नाव घेतलं ‘बुलडॉग्ज’. रंग लाल. कपडे? विद्यापीठाच्या संघाचे. दुकानात सहज मिळणाऱ्या फ्रेस्नो स्टेटच्या टोप्या, जॅकेटं, जर्सी. अंगावर बुलडॉगचं गोंदण. पुढे ही खोऱ्यातली एक मोठी टोळी झाली, आणि २००६ मध्ये शहर पोलिसांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, तिचं नाव ‘ऑपरेशन बुलडॉग’. म्हणजे पोलिसांची मोहीम, टोळी आणि विद्यापीठाचा संघ, तिघांच्या कपाळी तोच कुत्रा.

यावर हसू येऊ शकतं, पण दक्षिण फ्रेस्नोतल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवा. त्याचा मोठा भाऊ विद्यापीठात शिकतो, त्याने लाल टी-शर्ट आणून दिला. ईशान्येच्या मॉलमध्ये तो शर्ट म्हणजे "आमचा संघ". रुळांपलीकडच्या चौकात तोच शर्ट म्हणजे "तू कोणाचा?" हा प्रश्न. तो पोलिसही विचारू शकतो आणि दुसऱ्या टोळीचा मुलगाही. कापड एक, छापा एक, पण अर्थ कुठे उभे आहात त्यावर बदलतो, आणि चुकीचा अर्थ लावला गेला तर किंमत मोजतो तो अंगात घालणारा, छापणारा नव्हे.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर खुणेचा अर्थ बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही. १९२१ च्या सभेतल्या मुलांच्या मनात लळा लावणारा कुत्रा होता. साठ वर्षांनी तुरुंगातल्या मुलांनी त्यात वेगळं काही पाहिलं: आपल्या गावाचं, आपल्याला सहज घेता येईल असं नाव. ज्या विद्यापीठाच्या वर्गात त्यांच्यापैकी फार थोडे बसू शकले असते, त्याचा शिक्का त्यांनी स्वतःच घेऊन टाकला. गुन्हेगारीचं समर्थन नाही हे. पण परिसर म्हणजे आपण आखून दिलेल्या अर्थानेच खूण वागवणारे लोक, असं गृहीत धरता येत नाही, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

पैसा कोणत्या दिशेने वाहिला?

शेवटचा पुरावा पैशाचा. खुणांबद्दल लिहिताना भावना भरपूर मिळतात, हिशेब कमी. तरी हिशेबाशिवाय "आधार" हा शब्द वापरू नये.

पहिली नोंद: २०२२ मध्ये ‘बुलडॉग स्टेडियम’चं नाव बदलून ‘व्हॅली चिल्ड्रन्स स्टेडियम’ झालं. व्हॅली चिल्ड्रन्स ही या भागातली मुलांची आरोग्यसंस्था. करार १० वर्षांचा, १ कोटी डॉलरचा. दिशा बघा: मुलांच्या आरोग्यसंस्थेकडून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे. यात काही बेकायदा नाही, रुग्णालयाला प्रसिद्धीची गरज असू शकते. पण "संघ परिसराला आधार देतो" हे वाक्य लिहिण्याआधी ही नोंद समोर असायला हवी.

दुसरी नोंद: नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रेस्नो काउंटीच्या मतदारांपुढे ‘मेझर ई’ हा प्रस्ताव आला. विद्यापीठासाठी २० वर्षं ०.२ टक्के जादा विक्रीकर. त्यातून वर्ग, प्रयोगशाळा, शिष्यवृत्त्या आणि स्टेडियमची दुरुस्तीही. मतदारांनी नाकारला. मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा आणला: ०.२५ टक्के, २५ वर्षं. पुन्हा नाकारला.

इथे नवशिक्या संशोधकाचा हात शिवशिवतो: "बघा, लोकांनी खूण नाकारली!" थांबा. विक्रीकर हा गरिबाला तुलनेने जास्त लागतो, म्हणून कोणी विरोध केला असेल. हे राज्याचं विद्यापीठ, खर्च राज्याने करावा, असं कोणाला वाटलं असेल. महागाई होती. मतपेटीतून ‘नाही’ कळतं, ‘का नाही’ कळत नाही. त्यासाठी मतदान केंद्रनिहाय आकडे, वर्तमानपत्रांतली पत्रं, प्रचाराची पत्रकं, मुलाखती हे सगळं लागेल. एवढं मात्र ठाम म्हणता येतं, की हेल्मेटवरचं प्रेम आणि खिशातला पैसा या दोन गोष्टी आपोआप जोडल्या जात नाहीत. जी खूण इतकी वर्षं कोणाला काही विचारत नव्हती, तिच्या संघासाठी पहिल्यांदाच उघड मागणं झालं, आणि दोनदा उत्तर ‘नाही’ आलं.

मग प्रश्न कसा बनतो?

आपण सुरुवात केली "विद्यार्थी संघाची खूण आणि अडचणीतला परिसर" या विषयापासून. आता बघा, त्यातून किमान चार संशोधनप्रश्न हातात आले, आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे:

१. १९९७ नंतर ‘व्ही’ कोणत्या भागात, कोणत्या दुकानांत, कोणत्या शाळांत दिसतो? (फोटो, जाहिराती, वार्षिकांकं)
२. शेतमजूर कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांना तो आपला वाटतो का? गरुडाचा झेंडा घरात असलेल्यांना? (मौखिक इतिहास)
३. टोळीने उचललेल्या चिन्हाबद्दल विद्यापीठ, पोलीस आणि शाळा यांची भूमिका कशी बदलली? (कागदपत्रं, बातम्या)
४. क्रीडा विभागाच्या उत्पन्नातलं किती परिसरातून आलं आणि किती परिसरात परत गेलं? (ताळेबंद)

चौथ्या प्रश्नाशिवाय पहिले तीन अर्धवट राहतात, आणि पहिल्या तिन्हींशिवाय चौथा कोरडा. एका पीएच.डी.त चारही घेऊ नका, गाइड ओरडतील. एक घ्या, बाकी तीन प्रस्तावनेत मान्य करा.

हाच साचा घरच्या अंगणातही चालतो. तुमच्या गावातल्या कबड्डी मंडळाची जर्सी घ्या. नाव कोणाचं, रंग कोणी ठरवला, मागे प्रायोजक कोण छापलाय, आणि गावाच्या कोणत्या आळीतली मुलं त्या संघात कधीच नसतात? शेवटचा प्रश्न विचारायला जरा धीर लागतो, पण उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

आणि मेंडोटाचा तो खांब? माझ्या विषयात तो मोजपट्टी आहे. जमीन किती खचली, कधी खचली, आकडा खांबावर लिहिलेला. ‘व्ही’ला अशी मोजपट्टी नाही, ती अभ्यासकाने उभी करावी लागते. विज्ञानाकडून इतिहासाकडे येताना मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय हीच: गौरवाचं वाक्य वाचलं की आधी विचारायचं, हे मोजायचं कशाने?

कमेंटमध्ये तुमचे विषय टाका. पुढच्या लेखात त्यातले दोन घेऊन त्यांचे प्रश्न बनवू.